शनिवारचा विषय

प्रिय ताई,


तुझं पत्र परवा मिळालं. शनिवारच्या लेखनातून आता थांबावं असं तुझ्या मनात आहे. पुस्तकाचं काम पुढे सरकत नाही, आणि दर आठवड्याला कुणीतरी दिलेल्या शब्दावर काहीबाही गमतीचं लिहिणं हा शेवटी पोरखेळच, असं तू म्हणतेस. पुस्तकासाठी वेळ हवा, हे मला पूर्ण पटतं. तेवढ्यासाठी थांबणार असलीस तर मी अडवणार नाही. पण पोरखेळ म्हणालीस ते काही मनाला पटेना, म्हणून हे लांबलचक पत्र.

गेल्या पावसाळ्यात ‘छत्री’ हा विषय होता, आठवतं? आम्ही बहुतेकांनी कॉलेजचे दिवस आणि भिजलेल्या वह्या लिहिल्या. तू छत्रीच्या वतीनं वर्तमानपत्रात द्यायचं निवेदन लिहिलंस: माझे मालक हरवले आहेत. उंची मध्यम, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं, दुकानातून निघताना मला विसरतात आणि कोपऱ्यापासून परत येऊन घेऊन जातात, आढळल्यास कळवावे. पहिल्या दोन ओळींना मी मोठ्यानं हसले. मग ती दोन पेनं आली आणि हे तुझे बाबा आहेत हे लक्षात आलं. बाबांवर लेख लिहायला घेतेस आणि जन्मगाव, शिक्षण, नोकरी यांपलीकडे तो जातच नाही, असं त्याआधी कितीदा तरी म्हणाली होतीस. तुझं सगळं लक्ष छत्रीवर होतं, म्हणून बाबा तुला न अडखळता लिहिता आले. आपल्या या खेळावर माझा जो विश्वास आहे तो अशा लिखाणामुळे आहे. मनातल्या मोठ्या गोष्टीकडे सरळ चालत गेलं की ती पाठ फिरवते. दुसऱ्यानं दिलेल्या छोट्या विषयात आपण गुंतलेलो असतो, तेव्हा ती जवळ येऊन बसते.

भोजराजाच्या दरबारातल्या समस्यापूर्तीची आख्यायिका तू ऐकली असशील. राजानं कवींपुढे श्लोकाचा शेवटचा चरण टाकला, तो म्हणजे नुसता आवाज. ठ आणि ठं यांची रांग, अर्थ काहीच नाही. कालिदासानं वरचे तीन चरण जोडले: रामाच्या राज्याभिषेकाचा दिवस, आनंदानं भान हरपलेली एक तरुणी, तिच्या हातून निसटलेली सोन्याची घागर. ती घागर जिन्याच्या पायऱ्यांवरून गडगडत खाली जाते, त्याचा तो आवाज. भोज अकराव्या शतकातला आणि कालिदास त्याच्या कित्येक शतकं आधीचा, तेव्हा ही भेट घडलेली नाही. श्लोक मात्र कुणीतरी रचलाच. राज्याभिषेकावर लिहा असं सांगितलं असतं तर कवींनी सिंहासन, चामरं आणि मंगल वाद्यं आणली असती. आवाज दिला म्हणून जिना आला, जिन्यासाठी घागर आली, आणि घागर निसटायला एक हात लागला म्हणून राजवाड्यातली ती अनाम मुलगी आली. आज त्या श्लोकातून लक्षात राहते ती तीच.

याहून मला थक्क करतो तो जिनसेनाचार्यांचा ‘पार्श्वाभ्युदय’. नवव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातलं हे काव्य. आचार्यांनी सगळं ‘मेघदूत’ समस्या म्हणून घेतलं. प्रत्येक श्लोकात कालिदासाच्या एक किंवा दोन ओळी, उरलेल्या स्वतःच्या, आणि असं करत करत पूर्ण ‘मेघदूत’ आपल्या काव्यात ओवून टाकलं. कथा मात्र पार वेगळी, तीर्थंकर पार्श्वनाथांच्या तपश्चर्येची. विरही यक्षाचे हळवे शब्द इथे ध्यानस्थ पार्श्वनाथांना डिवचणाऱ्या पूर्वजन्मीच्या वैऱ्याच्या तोंडी येतात. ओळ तीच, पण बोलणारा बदलला की तिचा रंग किती बदलतो! आणि याचं पुढे काय झालं बघ. पुण्यातले संस्कृत पंडित काशिनाथ बापू पाठक यांनी १८९४ मध्ये ‘मेघदूता’ची जी आवृत्ती काढली, ती या ‘पार्श्वाभ्युदया’त सापडणाऱ्या पाठावरून. ‘मेघदूता’त हस्तलिखितागणिक श्लोक वाढत गेलेले. नवव्या शतकात कालिदासाचं म्हणून काय वाचलं जात होतं, याची साक्ष या समस्यापूर्तीनं दिली. दुसऱ्याच्या ओळीला उत्तर द्यायचं तर ती ओळ आधी अक्षर न अक्षर वाचावी लागते, जपावी लागते. आपल्या कंपूत दिलेला विषय कुणी वरवर वाचून काहीतरी जुनं लिखाण चिकटवतं तेव्हा मला राग येतो, तो यासाठी.

ग्रंथांपर्यंत जायचं नसेल तर आपल्या उखाण्याकडे बघ. नाव ठरलेलं, ते कुठे येणार तेही जवळजवळ ठरलेलं, समोर बायका ऐकायला टपलेल्या, दार अडवून नणंद उभी. तेवढ्या वेळात यमक जुळवून नावापर्यंत पोचायचं. नवऱ्याचं नाव एरवी तोंडात घ्यायचं नाही अशा काळातल्या बायकांनी त्या दोन ओळींत कौतुक घातलं, टोमणे घातले, सासरचं वर्णन घातलं. कित्येकींनी आयुष्यात स्वतःहून रचलेलं एवढंच. कुणी आग्रहानं ‘नाव घे’ म्हटलं नसतं तर तेही झालं नसतं.

पोरखेळ म्हणून नावं ठेवणारे पूर्वीही होते. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ सुरू झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, वि. द. घाटे, दिवाकर, श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे ही मंडळी दर रविवारी जमत, चहा होई, कविता वाचल्या जात. या कवींची थट्टाही भरपूर झाली. अत्र्यांनी केशवकुमार या नावानं ‘झेंडूची फुले’ काढून त्यांची विडंबनं केली, आणि तीही इतकी बारकाईनं की मूळ कविता कोळून प्याल्याशिवाय ते जमायचं नाही. विडंबनालाही मी खेळातलं उत्तरच मानते. याच मंडळातल्या माधव जूलियनांनी फारसीचा व्यासंग करून मराठीत गझल आणली, १९३३ मध्ये ‘गज्जलांजलि’ प्रसिद्ध केली. उर्दूत तरही मुशायरा असतो, म्हणजे एक मिसरा आधी जाहीर करायचा आणि प्रत्येक शायरानं त्याच वृत्तात, त्याच काफिया-रदीफात स्वतःची गझल बांधून आणायची. एकाच ठेक्यावर रात्रभर वेगवेगळी मनं ऐकायची. मला स्वतःला याचंच फार अप्रूप. आपले शनिवार मला आवडतात ते एकाच शब्दाची सहा-सात घरं बघायला मिळतात म्हणून.

आता कीट्सची गोष्ट सांगते, कारण ती मला तुझ्यासाठीच हवी आहे. ३० डिसेंबर १८१६. लंडनजवळ हॅम्पस्टेडला कवी आणि संपादक ली हंटच्या घरी गप्पा चालल्या होत्या, रातकिड्यांचा विषय निघाला. हंटनं तिथल्या तिथे पैज लावली: नाकतोडा आणि रातकिडा, पंधरा मिनिटांत दोघांनी एकेक सुनीत लिहायचं. कीट्स तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याचा मित्र चार्ल्स काउडन क्लार्क तिथे बसलेला होता, त्यानंच हे पुढे लिहून ठेवलं. कीट्सचं आधी झालं. ते ऐकताना हंटनं पहिल्याच ओळीला खुल्या मनानं दाद दिली. आणि घरी परतताना वाटेत कीट्स क्लार्कला म्हणाला, की मला माझ्यापेक्षा हंटचं जास्त आवडलं. आज जग कीट्सचं सुनीत वाचतं, हंटचं फारसं कुणी वाचत नाही. पण त्या संध्याकाळी त्या दोघांनी जे एकमेकांना दिलं, ते मला त्या सुनीताइतकंच मोलाचं वाटतं. वर्षभरानं शेली आणि त्याचा शेअरदलाल मित्र होरेस स्मिथ यांनी असंच ऑझिमँडियस या प्राचीन राजाच्या वाळवंटातल्या भग्न पुतळ्यावर एकेक सुनीत केलं. दोन्ही १८१८च्या सुरुवातीला हंटच्याच ‘एक्झॅमिनर’ साप्ताहिकात आली. शेली वाळवंटात थांबला. स्मिथ तिथून निघून उजाड झालेल्या भविष्यातल्या लंडनला पोचला. शेली मोठा कवी, यात वादच नाही, तरी ते लंडन स्मिथलाच दिसलं.

आपल्यातही हे घडतं. एसटीतून निवृत्त झालेल्या काकांनी ‘शेवटची गाडी’ या विषयावर काय लिहिलं होतं, ते काढून पुन्हा वाच. गाडी उशिरा का सुटली याचा वरिष्ठांना सादर केलेला अहवाल! कारण क्रमांक एक, एका आजींची कोंबडी सीटखालून बाहेर येण्यास नकार देत होती. कारण क्रमांक दोन, फाट्यावर लांबून धावत येणारा मुलगा दिसला, परीक्षेचा नंबर त्याच्या हातात होता. त्यांना ललित लिहा म्हटलं असतं तर ते घाबरून गेले असते. अहवालाची भाषा त्यांच्या हाडीमाशी खिळलेली, तिच्यातून तो मुलगा असा सहज धावत आला. त्यांचे अहवाल आजवर साहेबांनी सही करण्यापुरते वाचलेले. तू त्यांना फोन करून कोंबडीबद्दल विचारलंस, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना सांगितलं आहे.

एक तक्रार मात्र माझीही आहे. आपले अलीकडचे विषय फार गुळगुळीत झाले आहेत. ‘मैत्री’, ‘पहिला पाऊस’, ‘आई’ असे विषय दिले की प्रत्येकाकडे तयार माल असतो, तो बाहेर येतो, आणि वाचल्यावर कोण कुणाचं लिखाण हे ओळखूही येत नाही. विषय लहान हवा, जरा आडमुठा हवा, हाताला टोचणारा. नुसता आवाज, बंद पडलेलं घड्याळ, यादीतली एक ओळ, कुणाच्या तरी दारावरची पाटी. तुला कंटाळा आला त्यात या गुळगुळीतपणाचा मोठा वाटा असावा असा माझा अंदाज आहे. दुसरं, हल्ली आपण नुसतं ‘छान’ म्हणून मोकळे होतो. हंटसारखी नेमकी ओळ उचलून दाद द्यायला हवी, आणि कुठे ढिलं पडलंय तेही प्रेमानं सांगायला हवं. ते तू सगळ्यात चांगलं करतेस. काकांच्या अहवालात शेवटी एक तात्पर्य होतं, ते काढायला तूच लावलंस.

पुस्तकाबद्दल एकच. छत्रीचं निवेदन तुझ्या त्या हस्तलिखितात घेतलेलं नाहीस, हे मला गेल्या वेळी वाचताना जाणवलं. बाबांच्या प्रकरणाची सुरुवात तिथून करून बघ. नोकरीच्या तारखा मागाहून येतील.

येत्या शनिवारचा विषय देण्याची पाळी तुझी आहे. लिहायला वेळ नसेल तर या खेपेला लिहू नकोस, विषय तेवढा गुरुवारपर्यंत कळव, म्हणजे काकांना दोन दिवस मिळतात. आणि कृपा करून ‘आठवण’ देऊ नकोस.

तुझीच