एकटेच आले का जी?

“एकटेच आले का जी? घरी काही झालं का?”

नागद्वारच्या वाटेवर पहिल्या दोन तासांत पाच जणांनी प्रस्तुत लेखकाला हेच विचारलं. प्रस्तुत लेखक म्हणजे काटोलचा एक निवृत्त मास्तर. संत्र्याची तीनेकशे झाडं, गुडघे अजून शाबूत, बोलण्याची हौस बेताची. घरी काहीच झालं नव्हतं. त्याला फक्त एकट्यानं चालायचं होतं. पण काटोल-नरखेडकडचा माणूस महादेवाला जातो तो गावासोबत, भजनी मंडळासोबत, निदान दोन साडूंसोबत. एकटा निघालेला म्हणजे भांडून निघालेला, असा तिथला सरळ हिशेब.

विदर्भात ‘महादेवाला जाणं’ म्हणजे पचमढीला जाणं. पचमढी आज मध्य प्रदेशात आहे, याची आठवण नागपूरकडच्या जुन्या माणसांना करून द्यावी लागते, आणि त्यांचंही फार चुकत नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी नागपूर होती. उन्हाळा तापला की सरकार पचमढीला मुक्काम हलवायचं. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मधे हद्द आली. यात्रेकरूंनी तिची दखल घेतलेली दिसत नाही. महाशिवरात्रीला तेराशेच्या आसपास पायऱ्या चढून चौरागडावर नवसाचे त्रिशूळ वाहायचे आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारच्या गुहेची यात्रा करायची, हे दोन्ही सुरूच राहिलं. काही त्रिशूळ तर इतके जड की चार माणसांनी आळीपाळीनं खांद्यावर न्यायचे.

नागद्वारची वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाते. एरवी ती बंद असते. नागपंचमीच्या आगेमागे दहाएक दिवस उघडते, तीही ऐन पावसाळ्यात. 2024 मध्ये नागपंचमी 9 ऑगस्टला होती. लेखक तीन दिवस आधी काटोलला गाडीत बसला. पांढुर्णा, मुलताई, बैतूल, इटारसी, तिथून पिपरिया, मग घाटानं वर पचमढी. निघताना धाकटा भाऊ एवढंच म्हणाला, “आंबिया गळून राह्यला अन् तू चालला डोंगरात.” खरं होतं ते. झडी लागली की आंबिया बहाराची हिरवी फळं झाडाखाली पडायला लागतात आणि शेतकऱ्याचा जीव तिथं अडकतो. चालतानाही लेखक मनातल्या मनात झाडं मोजतच होता.

सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर धूपगड, सुमारे 1350 मीटर. त्या बाजूच्या रस्त्यापर्यंत जिप्सीनं जायचं आणि पुढं पाय. लेखकानं धूपगड पाहिलाच नाही. धुक्यात समोरच्या माणसाची पाठ दिसली तरी पुष्कळ. वाट आधी उतरते. दगड शेवाळलेले, ओढे वाहते, उभ्या कड्याला लोखंडी शिड्या. वरून येणाऱ्यांचं ‘हर हर महादेव’ आधी ऐकू येतं, माणसं नंतर धुक्यातून उमटतात. एकट्यानं चालण्याची जी काही मौज म्हणतात ती त्या मधल्या अर्ध्या मिनिटात होती. मग कोणीतरी विचारायचं, “कोन्या गावचे?”

दुसऱ्या ओढ्यात नव्याकोऱ्या बुटाचा तळ सुटला. मागून येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनं पिशवीतून सुतळी काढली, त्याला दगडावर बसवलं आणि बैलाच्या खुराला बांधावं तसा बूट करकचून बांधला. ती स्वतः अनवाणी होती. “मास्तर, बूट घालून कोनी महादेवाले येते का?” असं म्हणून ती पुढं गेली. आपण मास्तर आहोत हे तिला कोणी सांगितलं, याचा पत्ता लेखकाला अजून लागलेला नाही.

वाटेत काजरी लागते. तिथली कथा अशी: मूल झालं तर नागदेवाला काजळ लावीन, असा नवस एका बाईनं केला. मूल झालं. ती काजळ घेऊन आली, देव समोर प्रकटला, आणि त्याचं ते प्रचंड रूप पाहून तिचा प्राण गेला. सांगणारे ही कथा भक्तीची म्हणून सांगतात. लेखकाला मात्र त्या मागं राहिलेल्या पोराचं पुढं काय झालं, हेच विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. रांग पुढं सरकत होती.

गुहेशी पोचला तेव्हा दुपार टळली होती. आत चिंचोळं, ओलं, अंगाला अंग घासेल एवढीच जागा. कापराचा वास, शेंदूर, नागाच्या मूर्ती. दहा श्वासांत दर्शन उरकलं. त्यापेक्षा बाहेर मिळालेली खिचडी जास्त लक्षात राहिली. नागपूरकडची मंडळं या दिवसांत वाटेवर भंडारे लावतात. त्यासाठी तांदूळ, डाळ, भांडी डोक्याखांद्यावरून या चढउतारांतून आणलेली असतात. वाढणारा पोरगा लेखकापेक्षा जास्त दमलेला दिसत होता.

जपानात शिकोकू बेटावर 88 देवळांची सुमारे 1200 किलोमीटरची प्रदक्षिणा आहे. तिथं एकटा चालणाराही टोपीवर ‘दोघं सोबत चाललोय’ अशा अर्थाचे शब्द मिरवतो; दुसरा म्हणजे अकराशेहून जास्त वर्षांपूर्वी होऊन गेलेला साधू कोबो दाइशी. लेखकानं हे वाचलं तेव्हा त्याला कल्पना फार आवडली होती. नागद्वारच्या शिडीवर मागून ढकलणारे आणि वरून हात देणारे चांगले सहा-सात जण होते, आणि त्यांतला एकही अदृश्य नव्हता.

परतीच्या चढावर एक तरुण एकटाच खाली उतरताना दिसला. कानात वायर, नजर पायाशी. लेखकाच्या तोंडून निघूनच गेलं, “कोन्या गावचे जी? एकटेच?”

पोरानं वायर काढली. “मोवाडचा. दोस्त मागं राह्यले.”

घरी पोचल्यावर भावाला विचारलं, किती गळाली? “मोजली नाही,” तो म्हणाला, “वेचून खड्ड्यात टाकली.” सुतळीनं बांधलेला बूट अंगणात पाहून त्यानं काहीच विचारलं नाही.