वाळूचं देणं

डिसेंबर २०२४ मध्ये ऑरिन पिल्की गेले. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते, आमची कधी भेटही झाली नाही. पण किनाऱ्यांचा अभ्यास करणारी माझी पिढी त्यांची पुस्तकं वाचत वाढली आणि माझ्यावरचं त्यांचं ऋण मोठं आहे. ते ऋण आठवायला बसले की त्यांच्याआधी दोन माणसं डोळ्यांपुढे येतात: पुण्यातले माझे सर आणि देवबागचे तात्या. या तिघांना एकमेकांचं नावही ठाऊक नव्हतं. मी जे शिकले ते मात्र तिघांनी मिळून शिकवलं.

सरांनी मला किनारा मोजायला शिकवलं. विभागात महागडी उपकरणं नव्हती. सरांनी सुताराकडून पाच-पाच फुटांच्या दोन काठ्या करून घेतल्या, त्यांवर खुणा पाडल्या आणि म्हणाले, "तिसरं उपकरण समुद्रावर आहेच." ते उपकरण म्हणजे क्षितिज. के. ओ. एमरी या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६१ साली मांडलेली ही पद्धत. एक काठी वरच्या अंगाला धरायची, दुसरी पाण्याच्या बाजूला. खालच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवायचं आणि ती नजर वरच्या काठीला जिथे छेदते तिथला आकडा वाचायचा. तेवढा उतार. मग काठ्या पुढे. असं करत ओहोटीच्या पाण्यापर्यंत जायचं आणि महिन्यानंतर त्याच जागेवरून पुन्हा सुरुवात करायची.

सरांचा आग्रह मोजमापापेक्षा बघण्यावर अधिक. पुळणीवर पोचलं की वही पिशवीतच ठेवायला लावत. लाटेचं पाणी कुठवर चढून थांबलं, वाऱ्याने वाळू कुठे साठवली, मर्यादवेल कुठवर उतरली, हे आधी पाहायचं. मग हातभर खड्डा खणायचा आणि त्याची भिंत खरवडून साफ करायची. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर अशाच एका खड्ड्यात मी पहिल्यांदा इल्मेनाइट या जड खनिजाचे काळे पट्टे पाहिले. जोरकस लाटा हलके कण ओढून नेतात, जड कण मागे राहतात. एकेक काळा पट्टा म्हणजे खवळलेल्या पाण्याची नोंद, असं सर सांगत होते. भर उन्हात, गुडघ्यांवर बसून, स्वतःच्या रुमालाने ती भिंत पुसत. आज माझे विद्यार्थी खड्डा खणतात तेव्हा मीही आधी खाली बसते.

तात्या रापणकार. होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकांनी माणसांनी ते किनाऱ्यावर ओढायचं, ही रापण. तळ कुठे उथळ, कुठे खोल, हे ठाऊक असल्याशिवाय ती लावता येत नाही. देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे मी मोजमापं घेत असे तेव्हा माझ्या काठ्या तात्यांच्या मांगरात राहत आणि दुपारी काकींच्या हातची उकड्या तांदळाची पेज मिळे. एका जुलैमध्ये पुळण इतकी उतरली होती की माझ्या जुन्या खुणा सापडेनात. मी काळजीत पडले. तात्या शांतपणे म्हणाले, "वाळू खंय जाणा नाय गो बाय. पावसात भायर जाता, पावस सरलो की परत येता."

पुस्तकात हेच लिहिलेलं असतं. पावसाळ्यातल्या उंच लाटा वाळू ओढून नेतात, ती किनाऱ्यालगत पाण्याखाली साठते आणि ऑक्टोबरनंतरच्या संथ लाटा ती परत आणतात. हिवाळ्यात मी मोजलं तेव्हा पुळण भरत आली होती. जिथे ती भरत नव्हती त्या जागाही तात्यांनी आधीच दाखवून ठेवल्या होत्या. त्यांचं घर वाळूच्या टेकाडामागे, माडांच्या आत होतं. पुढे फक्त जाळ्यांची खोप, उधाण आलं तर उचलून नेता येईल अशी. टेकाड खणायचं नाही, मर्यादवेल उपटायची नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा शिरस्ता.

पुढे संशोधनासाठी मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात गेले. तिथल्या किनाऱ्यासमोर वाळूची लांबलचक, अरुंद बेटं आहेत, ती बॅरिअर बेटं. आपल्या कोकणात ती नाहीत. इथे डोंगर थेट समुद्रात उतरतात. तिथे सपाट मैदान, भरपूर वाळू आणि हजारो वर्षं वर चढत आलेला समुद्र. गेल्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. ती वाढत गेली तशी ही बेटं मुख्य भूमीकडे सरकत आली. वादळात लाटा बेट ओलांडतात आणि समोरची वाळू मागच्या खाडीत टाकतात. पुढची बाजू झिजते, मागची वाढते. शॅकलफर्ड बँक्स या निर्जन बेटाच्या समुद्राकडच्या पुळणीवर मी कालवांचे जुने शिंपले उचलले. ही कालवं बेटामागच्या शांत खाडीत वाढतात. ते शिंपले समुद्राच्या बाजूला सापडतात, कारण बेटच त्यांच्यावरून सरकत गेलेलं असतं. हा पुरावा वाचायला मला पिल्कींच्या पुस्तकांनी शिकवलं.

त्यांचं आयुष्यही मी तिथेच समजून घेतलं. ते मुळात खोल समुद्रतळाचे अभ्यासक. १९६९ च्या कॅमिल चक्रीवादळाने मिसिसिपीतल्या वेव्हलँड इथल्या त्यांच्या आई-वडिलांच्या घराला तडाखा दिला आणि त्यांचं लक्ष किनाऱ्याकडे वळलं. बेटावर राहणाऱ्या सामान्य माणसांसाठी त्यांनी वडिलांबरोबर पुस्तक लिहिलं, ते १९७५ साली आलं. समुद्रभिंत घर वाचवते आणि पुळण घालवते, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. किनारा मागे सरतच असतो, भिंत जागची हलत नाही, मधली वाळू संपत जाते. घरमालकांचा रोष त्यांनी सोसला. १९८५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने समुद्राकाठी अशा पक्क्या बांधकामांना बंदी केली. केप हॅटरसचं १८७० सालचं दीपगृह पाण्याजवळ आलं तेव्हा ते भिंतींनी राखण्याऐवजी मागे न्यावं, या बाजूने ते उभे राहिले. १९९९ मध्ये सुमारे ४,८०० टनांचं ते दीपगृह रुळांवरून ८८४ मीटर आत नेलं गेलं. ते वाचलं आणि पुळणही राहिली.

हे वाचताना मला देवबाग दिसत होतं. ड्यूक विद्यापीठातले प्राध्यापक पिल्की यांनी पुराव्यानिशी मांडलेलं आणि तात्यांनी जाळ्यांच्या खोपीजवळ बसून सांगितलेलं एकच होतं: किनारा हलत राहतो म्हणून टिकतो, आपण त्याला हलायला जागा ठेवायची.

आज देवबागला ठिकठिकाणी दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे आहेत. ते मागणाऱ्यांना मी दोष देत नाही. अंगणात उधाणाचं पाणी आलेल्या माणसाला दुसरा मार्ग कुणी दाखवलेला नसतो. तो मार्ग दाखवणं हे आमचं काम होतं. आम्ही निबंध लिहिले, इंग्रजीत, आणि एकमेकांना वाचून दाखवले. पिल्कींनी शिकवलेली मोठी गोष्ट हीच की किनाऱ्याचं शास्त्र आधी तिथे राहणाऱ्याला, त्याच्या भाषेत कळायला हवं. म्हणून आता माझ्या मोजमापांचे तक्ते मी मराठीत करते आणि गावात नेऊन दाखवते. लोक बारकाईने पाहतात, चुका दाखवतात, जुन्या उधाणांची सालं सांगतात. माझी नोंद त्यामुळे पक्की होते.

सर आणि तात्या आता नाहीत. त्यांच्या ऋणाची परतफेड होणार नाही, ते पुढे पोचवणं तेवढं हातात आहे. किनाऱ्यावर काम करणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे की मोजलेला प्रत्येक आकडा ज्याची पुळण आहे त्याच्यापर्यंत न्या. आणि समुद्राकाठी जागा घेऊ पाहणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: कागदपत्रं तपासाच, पण सही करण्याआधी गावातल्या वयस्क रापणकाराला विचारा, मोठ्या उधाणात पाणी कुठवर आलं होतं. तो दाखवेल त्या खुणेच्या मागे, जमिनीच्या बाजूला घर बांधा आणि समोरचं वाळूचं टेकाड तसंच राहू द्या.