हात आखडता घेणारी पेशी
दादाची पोस्टिंग लेहला झाली, तेव्हा आईचा एकच प्रश्न होता: तिथे त्याला श्वास पुरेल का? लेह साधारण 3500 मीटरवर. समुद्रकाठच्या श्वासात जेवढा ऑक्सिजन, त्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश तिथे मिळतो.

शाळेत आपण मायटोकाँड्रिया म्हणजे ‘पेशीचं ऊर्जाघर’ एवढंच पाठ केलं. पण पेशीतला बहुतेक ऑक्सिजन तेच वापरतात, म्हणून टंचाईची झळही त्यांना लागते. एचआयएफ नावाचं प्रथिन एरवी तयार होताच मोडलं जातं, आणि ते मोडायलाही ऑक्सिजन लागतो. तो घटला की एचआयएफ टिकतं. मायटोकाँड्रियांनी सोडलेले क्रियाशील रेणू त्याला मदत करतात. मग तांबड्या पेशी वाढवायचा निरोप जातो आणि मायटोकाँड्रियांना उलट हुकूम येतो: खर्च कमी करा. या ऑक्सिजन-जाणिवेच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना 2019चं नोबेल मिळालं.

आई म्हणाली, “महिनाअखेरीला मी तेच करते की.”

पण पेशींनी हात आखडता घेतला तरी नव्या तांबड्या पेशी एका रात्रीत येत नाहीत. म्हणून जवानांना तिथे आधी काही दिवस विश्रांतीची सक्ती असते. घाई केली तर फुप्फुसात पाणी होऊन जीवही जातो. तीन दिवसांत लडाख ‘कव्हर’ करायला निघालेल्या मित्रांना मी हेच सांगते: शरीर हिशेब जुळवतंय, त्याला वेळ द्या.