सालीचं देणं

वडील इगतपुरीच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते. कसाऱ्यापासून गाड्यांना मागून रेटा देत घाट चढवणाऱ्या बँकर इंजिनांची त्यांना नस न् नस ठाऊक. स्वतःच्या रक्तातली साखर मात्र पन्नाशीला कळली. भावलीकडची एक ठाकरीण मावशी बाजाराच्या दिवशी आमच्या क्वार्टरवर यायची. तिने फडक्यात बांधून जांभळीची साल आणून दिली.

काढा सुरू झाला आणि वडिलांनी गोळ्या बंद केल्या. मावशीला कळलं तशी ती ओट्यावरूनच कडाडली, "दादा, गोळी सोडलीस तर साल आणायची नाय मी. साल म्हंजे तोंडी लावणं. भाकर गोळीचीच!"

पुढे मी जीवरसायनशास्त्र शिकलो. भाकरीला तव्यावर खरपूस रंग आणणारी, मायार यांनी १९१२ मध्ये मांडलेली प्रक्रियाच अंगात ३७ अंशांवर मुंगीच्या पावलांनी चालते. साखर प्रथिनांना चिकटते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून ही चिकटलेली साखर मोजणाऱ्या एचबीएवनसीच्या रिपोर्टात तीन महिन्यांचा हिशेब उतरतो. डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं तर जन्मभर तीच. तिथे ही चिकटलेली साखर साचत जाते.

अल्ब्युमिन आणि फ्रुक्टोज एकत्र ठेवलं की काही दिवसांनी ते अतिनील प्रकाशात निळसर चमकतं. माझ्या प्रयोगात जांभळीच्या सालीचा अर्क घातलेली नळी मंद राहिली. सालीतल्या गॅलिक, एलॅजिक आम्लांसारखे पॉलिफेनॉल मिथिलग्लायॉक्सलसारख्या मधल्या रेणूंना वाटेतच अडवतात. मी हरखलो. पण टॅनिन नुसती चमकही झाकतं, ते वजा करावं लागलं. शिवाय पोटात गेलेल्या टॅनिनपैकी रक्तात पोचतं फार थोडं. म्हणजे तोंडी लावणंच.

त्या प्रयोगासाठी साल काढायला मावशीच घेऊन गेली होती. तिने कोयत्याने एकाच अंगाची, तळहाताएवढी साल सोडवली आणि जखमेवर शेणमाती लिंपली. "भवताली सोललंस तर झाड मरंल." पानांनी केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे उतरतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तिला ते हाताने ठाऊक होतं.

परत आल्यावर नमुन्याचं लेबल भरलं. जांभूळ, खोडाची साल, तालुका इगतपुरी. खाली एक रकाना होता, 'संकलक'. मावशीचं नाव आम्ही इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.

तिथे मी माझं लिहिलं.