डब्याच्या मागची बारीक अक्षरं

आमच्या विहिरीवर लिस्टर बनावटीचं ऑइल इंजिन होतं. मिनिटाला साडेसहाशे फेरे, त्याहून जास्त नाहीत. हँडल मारून सुरू झालं की त्याचा ठोका ओढ्यापलीकडच्या रानापर्यंत ऐकू जायचा. दादा सकाळी पट्टा चढवण्याआधी काडी ओढून ऑइल बघत. एक थेंब अंगठा आणि पहिल्या बोटात घेऊन चोळायचा, मग बोटं सावकाश फाकवायची आणि मध्ये तार धरते का ते पाहायचं. तार धरली तर इंजिन सुरू. नाही धरली, वासही डिझेलचा यायला लागला, तर ऑइल बदलायचं. निघालेलं जळकं ऑइल गोठ्याच्या मेढींना फासलं जाई, वाळवी लागू नये म्हणून.

त्या इंजिनाला तेवढी परीक्षा पुरेशी होती. ते संथ चालायचं, बेअरिंगं दणकट, अंगावर उष्णता बेताची. ऑइलचं बिघडणं म्हणजे पातळ होणं, आणि ते बोटांना कळायचंच. दादांची परीक्षा अडाणी होती असं मला कधीच वाटलं नाही. ती त्या यंत्राला साजेशी होती.

पुढे तात्यांची मॅटाडोर आली. कराडहून चिपळूणला गूळ न्यायचा, येताना मिळेल ते भरायचं. सुट्टीत मी किन्नर बाजूला बसत असे. कुंभार्ली घाट चढताना तात्या दुसऱ्या गिअरमध्ये गाडी अशी काही जपून आणत, की बैलाला चढावर आणतोय असं बघणाऱ्याला वाटावं. कराडात बॅरलमधलं सुटं ऑइल मापानं मिळायचं आणि दुकानदाराला तात्यांचं एकच सांगणं असे, ‘‘जाडं दे.’’ मॅटाडोरला टर्बो नव्हता. हवा जेवढी इंजिन स्वतः ओढेल तेवढी, आणि ताकदही तेवढीच.

टर्बो आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसू लागला तो २००० नंतर. नाशिकची स्कॉर्पिओ २००२ मध्ये आली, मग छोट्या डिझेल गाड्याही टर्बोशिवाय येईनाशा झाल्या. कल्पना मात्र जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखीनं १९०५ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या धुरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या चक्रानं इंजिनात जास्त हवा दाबायची. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं इंजिन चौदा हजार फुटांहून उंच अशा पाइक्स पीक शिखरावर नेलं आणि विरळ हवेतही टर्बोच्या जोरावर ते पूर्ण ताकदीनं चालवून दाखवलं. घाटात वाढलेल्या माणसाला या प्रयोगाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

मी स्वतः गाडी घेतली ती रांजणगावला बनलेली, १.३ लिटरच्या डिझेल इंजिनाची. कुंभार्लीच्या त्याच वळणांवर तिसऱ्या गिअरमध्ये ती शिट्टी घालत वर निघाली, तेव्हा मला पहिल्यांदा त्या इवल्याशा वस्तूबद्दल आदर वाटला. दोन मुठींत मावेल एवढा टर्बो. त्याचा दांडा करंगळीहून बारीक. इंजिन मिनिटाला तीन-चार हजार फेरे घेत असताना तो दीड-दोन लाख फेरे घेतो. एका टोकाला सात-आठशे अंश तापलेला धूर, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. आणि या दांड्याला बहुतेक गाड्यांत छऱ्यांची बेअरिंगं नसतातच. तो बुशमध्ये फिरतो. बुशच्या आत ऑइल, बुशच्या बाहेरही ऑइल. मिलिमीटरच्या काही शतांशाएवढ्या त्या थरावर दांडा अक्षरशः तरंगत असतो. तो थर त्याला टेकूही देतो आणि त्याची उष्णताही काढून नेतो. इंजिनात ऑइलवाचून भागत नाही हे खरंच, पण टर्बोत ऑइल हाच एक सुटा भाग आहे असं मी मानतो, आणि तो दर सर्व्हिसिंगला आपणच निवडत असतो.

हे मला नीट दिसलं ते एका मित्राच्या गाडीचा टर्बो उतरवला तेव्हा. गाडीचा पिकअप गेला होता, मागून निळा धूर येत होता, शिट्टीची किंकाळी झाली होती. कराडच्या गॅरेजमध्ये मेस्त्रींनी टर्बो बाकावर ठेवला आणि चक्राचं टोक चिमटीत धरून हलवलं. आडवं जरासं हलणं चालतं, कारण तिथे ऑइलची जागा असते. पुढे-मागे मात्र जाणवण्याइतकं सरकता कामा नये. हे सरकत होतं, टकटक आवाज करत. मग त्यांनी ऑइल आणणाऱ्या बारीक पाइपचा बोल्ट काढून माझ्या हातावर ठेवला. त्याच्या भोकातून उजेड दिसत नव्हता. कढईच्या बुडाला तेल करपून बसावं तसा काळा, कडक थर आत बसला होता; मेस्त्रींनी पिननं खरवडला तेव्हा त्याचे खडे पडले. दांडा बुशच्या जागी निळा पडलेला. ‘‘ऑइल होतं की गाडीत, पूर्ण लेव्हल होती,’’ मित्र पुन्हा पुन्हा सांगत होता. होतंच. पण टर्बोपर्यंत पोचत नव्हतं. त्यानं स्वस्त, जाड ऑइल वर्षानुवर्षं वापरलं होतं आणि हायवेवरून भरधाव येऊन हॉटेलपाशी चावी फिरवण्याची त्याला सवय होती.

चावी फिरवली की ऑइलचा पंप थांबतो. टर्बोचं तापलेलं घर मात्र लगेच थंड होत नाही. आत अडकलेलं ऑइल तिथेच शिजतं. आता बऱ्याच गाड्यांत टर्बोला पाण्याचंही कूलिंग असतं, त्यामुळे धोका कमी झालाय, पण गेलेला नाही. म्हणून घाट चढून थेट टपरीशी थांबलो तर मी इंजिन मिनिटभर तसंच चालू ठेवतो. गावातून हळू येऊन घरी थांबताना याची गरज नाही. तेवढ्या वेळात टर्बो निवलेला असतो.

आणि ऑइल कोणतं? गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं, ‘‘आपल्याकडं काय बर्फ पडतोय? पाच डब्ल्यू कशाला? पंधरा-चाळीस घाला, जाडं असतंय.’’ यात एक घोटाळा आहे. ५डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० ही दोन्ही शंभर अंशांना एकाच जाडीच्या पट्ट्यात येतात. फरक गार असतानाचा. पहाटे गाडी सुरू केली की पहिले काही क्षण टर्बो जवळजवळ कोरडा असतो; तेव्हा जे ऑइल लवकर वर पोचेल ते खरं. शिवाय पाचवालं ऑइल बहुधा सिंथेटिक असतं आणि ते आचेला जास्त टिकतं. बोटांत तार धरणारं ऑइल दीडशे अंशांना, प्रचंड वेगानं घासलं जात असताना काय करील, हे बोटांना कळायचं कारण नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली कसोटी आहे, आणि तिचा निकाल डब्याच्या मागे बारीक अक्षरांत असतो. युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या एसीईए संघटनेचं सी-३ असं लिहिलं असेल, तर दीडशे अंशांनाही ठरावीक किमान जाडी टिकली आहे, अडीचशे अंशांना तासभर ठेवल्यावर १३ टक्क्यांहून जास्त ऑइल उडून गेलेलं नाही, आणि राख कमी आहे, एवढं त्या दोन अक्षरांत आलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर डिझेल गाड्यांना काजळीचा फिल्टर आला, तेव्हापासून राखेची बाब फारच महत्त्वाची झाली आहे. फिल्टर काजळी जाळतो, राख त्याला जाळता येत नाही.

याच गाड्यांमध्ये आणखी एक विपरीत गोष्ट घडते. शहरात थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीचं ऑइल काडीवर चक्क वाढलेलं दिसतं. फिल्टर साफ करण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. लोक खूश होतात, ‘गाडी ऑइल खात नाही’ म्हणतात. मी म्हणतो, किलोमीटर पुरे व्हायची वाट न बघता बदला. लेव्हल चढली की टर्बोतून आपसूक खाली यायचं ऑइल तुंबतं आणि सीलमधून हवेच्या वाटेला लागतं. उलट, डिझेल गाडीचं नवं ऑइल चार दिवसांत काळं झालं म्हणून घाबरायचं कारण नसतं. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

भाच्यानं नुकतीच टर्बो पेट्रोल गाडी घेतली. ‘‘मामा, तुमचंच ऑइल घालू का?’’ नाही. पेट्रोलचा धूर आणखी तापतो, हजार अंशांच्या जवळ जातो. त्यात नव्या छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी फेऱ्यांवर जोर दिला की ठिणगीच्या आधीच पेट घेण्याचा एक रोग निघाला. त्यानं पिस्टन फुटतात. ऑइल स्वच्छ ठेवणारे कॅल्शियमचे क्षारच त्याला हातभार लावतात असं आढळलं आणि त्यांची जागा काही अंशी मॅग्नेशियमनं घेतली. त्यासाठी अमेरिकेच्या एपीआयनं २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हे दर्जे आणले. भाच्याला दोन गोष्टी सांगितल्या. घाटात चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये गाडी कुंथवू नको, खालचा टाक. आणि सर्व्हिसिंगला जाताना मॅन्युअलचं ते पान उघडून समोर ठेव, ग्रेड आणि दर्जा दोन्ही बिलावर लिहून घे. ‘इंजिन ऑइल, चार लिटर’ एवढंच लिहिलेलं बिल घेऊन घरी यायचं नाही.