पत्रिकेतला ‘ळ’

कलकत्त्यास बदलीवर असता, 1962 साली, थोरलीच्या लग्नपत्रिका तेथेच छापावयास टाकल्या. छापखाना हिंदी, खिळ्यांत ‘ळ’ नव्हता. मालक म्हणाले, “शंभर प्रतींसाठी नवे खिळे कोण ओतवील?” हिशेब खरा. जुळणीची मजुरी शंभरांस तेवढीच, हजारांसही तेवढीच. वर खिळ्यांचा भार! आणि याच हुगळीकाठी, श्रीरामपुरास, केरीसाहेबांनी 1805 साली मराठीचे व्याकरण नागरीत छापले, पुढे मोडीचे खिळे घडवून 1810 चा कोश मोडीत काढला. अर्थात तेथे मिशनची थैली होती. ‘मंगलवार’ एकवेळ चालला असता. पण व्याही पडले काळे! तेवढी जागा कोरी ठेवविली आणि रात्री दौत-टाक घेऊन बसलो. शेवटचे दहाबारा ‘ळ’ पत्नीने लिहिले. तिचे वळण अधिक सुबक होते.