सातारा-सांगली, कंबरमार्गे

माणसाने पन्नाशीनंतर नवीन काही करू नये, असं माझं मत पन्नाशीपर्यंत होतं. त्यानंतर डॉक्टरांनी माझा रक्ताचा रिपोर्ट हातात धरून "गोड आवडतं वाटतं?" असं इतक्या गोड आवाजात विचारलं, की साताऱ्याचे कंदी पेढे माझ्या आयुष्यातून त्याच दिवशी उठले. त्यांच्या जागी सायकल आली.

ही पहिली सायकल जाड चाकांची. दुकानदार तिला 'एमटीबी' म्हणाला. मी बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस, मला वाटलं ही कुठली तरी ठेव योजना असावी. पण एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, डोंगरात चालवायची सायकल. हे कळल्यावर मला हायसं वाटलं, कारण साताऱ्यात डोंगर शोधत जावं लागत नाही. खिडकी उघडली की अजिंक्यतारा घरात डोकावतो.

रोज सकाळी मी समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढू लागलो. 'चढू लागलो' हा आपला बोलण्याचा एक प्रकार. या सायकलला एक असा गिअर असतो की त्यात पाय पंख्यासारखे फिरतात आणि सायकल जागच्या जागी विचार करत बसते. शेजारून फिरायला निघालेली मंडळी गप्पा मारत पुढे निघून जायची. त्यांतले एक आजोबा तर रोज मागे वळून "येताय ना?" अशी चौकशी करायचे.

पुढे वाचनात आलं, की या सायकलींचं मूळ अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या टॅमलपाइस नावाच्या डोंगरावर आहे. तिथल्या काही उनाड पोरांनी 1970 च्या दशकात जुन्या जाडजूड सायकली डोंगरावरून खाली पिटाळायला सुरुवात केली. 1976 साली शर्यतीही लावल्या. पण खरी गंमत पुढेच. सायकली वर चढवायला ही मंडळी पुष्कळदा ट्रक वापरायची! म्हणजे ज्यांनी हा उद्योग काढला ते ट्रकमधून वर जाऊन सायकलवरून खाली आले, आणि मी मात्र त्यांच्या नावाने यवतेश्वर चढतोय. ही ट्रकची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर घाट जमला. वर्षभरात कासपर्यंत मजल गेली. साखर उतरली आणि डोक्यात हवा चढली. आता खरा डोंगर समोर आला, तो म्हणजे आमचे बाबा.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची एक दंतकथा आमच्या घरात अजून चालू नोटेसारखी फिरते. 1962 साली त्यांचा साखरपुडा झाला. ते साताऱ्यात शिक्षक, आई सांगलीच्या गावभागातली. त्याच्या दोनच वर्षं आधीपर्यंत सांगली जिल्ह्याला 'दक्षिण सातारा' असं नाव होतं, तेव्हा बाबांना सासुरवाडी आपल्याच घरची वाटली असली तर नवल नाही. लग्न होईपर्यंतच्या आठ महिन्यांत ते म्हणे दर पंधरा दिवसांनी साताऱ्याहून सांगलीला यायचे. सायकलने. अठ्ठावीस इंची काळी हर्क्युलिस, गिअर नाही, रस्ता आजच्यासारखा नाही, आणि अंतर एकशे वीस किलोमीटरच्या आसपास. गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजली की मामा ओरडायचा, "मास्तर आले!"

ही कथा आम्हांला लहानपणी दर प्रसंगी ऐकवली जायची. शाळा लांब आहे म्हटलं, की बाबांची सायकल. जिना चढून दम लागला, की बाबांची सायकल. बाबा स्वतः मात्र या विषयावर कधी बोलत नसत, नुसते मिशीत हसत. थोर माणसांची ती पद्धतच असते, असं आम्ही समजायचो.

पुढे बाबा नोकरीमुळे सांगलीलाच गेले आणि सासुरवाडीच्या गल्लीत त्यांनी घर घेतलं. आई आता ब्याऐंशीची, एकटी त्या घरात राहते. सातारा-सांगली एस्ट्या दिवसभर आहेत, माझ्या दारात गाडी आहे, तरी दोन-दोन महिने माझं जाणं होत नाही. मार्चअखेर असते, ऑडिट असतं, कुणाचं तरी लग्न असतं. कारणांना काही तोटा नाही.

पण कास गाठल्यावर माझ्या मनात आलं, की आपणही सायकलने सांगलीला जावं. हे घरी सांगितल्यावर ही म्हणाली, "आईंकडे जायचंय म्हणून सायकलने निघालाय, की सायकलने जायचंय म्हणून आईंकडे?"

बायका असले प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट न बघता कुकर लावायला जातात.

पहिली स्वारी जाड चाकांवरच निघाली आणि कराडात संपली. घाटात जी सायकल मैत्रीण वाटायची ती हायवेवर कर्जासारखी वाटू लागली. तिच्या टायरवरचे ते खवले माती पकडण्यासाठी असतात, पण ते डांबरसुद्धा तितक्याच प्रेमाने पकडून ठेवतात. 'घुंईऽऽ' असा भुंग्यासारखा आवाज येतो आणि वेग काही येत नाही. त्यातून पुढच्या दांड्यांत स्प्रिंगा. हप्त्यातलं बरंचसं जसं व्याजातच जातं आणि मुद्दल हलत नाही, तसं पायडलवर दिलेलं थोडंफार बळ ती स्प्रिंग आधी खाऊन टाकते. उरलेल्यावर सायकल चालते. नागठाणे, अतीत, उंब्रज करत चार तासांनी कराडला पोहोचलो तेव्हा प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना शांतपणे एकमेकींना भेटत होत्या. साताऱ्याजवळून कृष्णाही माझ्यासारखीच सांगलीकडे निघालेली. तिला बिनापायडलचं जमतं. मला एक पाय उचलून पुलाच्या कट्ट्यावर ठेवता येईना.

मग मी पुण्याला जाऊन रोड बाइक घेतली. दुकानातल्या पोराने तिचं शास्त्र मला अर्धा तास समजावलं. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. आणि हा वारा सायकलला थोडा आणि स्वाराला जास्त अडतो. म्हणून हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळवलेलं. स्वाराने वाकायचं, म्हणजे वारा वरून निघून जातो. "थोडक्यात सर, प्रॉब्लेम सायकलचा नसतो," असं म्हणून तो माझ्या पोटाकडे पाहून अतिशय नम्रपणे थांबला. जुनी सायकल पंधरा किलोंची, नवी दहाची. किंमत घरी सांगितली तेव्हा ही म्हणाली, "पाच किलोंसाठी एवढे पैसे? तुमचे पाच तुम्ही फुकटात कमी केले असतेत."

या सायकलला स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही आणि घंटीही नाही. उभी करायची तर भिंत शोधायची. टायर फक्त अठ्ठावीस मिलिमीटर, म्हणजे इंचाला जेमतेम वर. जुन्या सायकलला पस्तीस हवा पुरायची, हिला नव्वद लागते. एवढ्या हवेचं टायर दगडासारखं होतं आणि रस्त्यावरची प्रत्येक बारीकसारीक बातमी थेट कंबरेपर्यंत पोहोचवतं. पोशाखही वेगळा. ती गादी लावलेली घट्ट चड्डी घालून मी पहिल्यांदा हॉलमध्ये आलो तेव्हा हिने आधी पडदे ओढून घेतले.

पण चालवायला बसलो, आणि काय सांगू! पायडल मारलं की सायकल निघतेच. व्याज नाही, कपात नाही, जे भरलं ते सगळं खात्यात जमा. वाढत्या वयात इतका रोख व्यवहार फार कमी ठिकाणी उरतो.

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे सव्वापाचला निघालो. कराड पावणेतीन तासांत आलं. कृष्णेकडे या वेळी बरोबरीच्या नात्याने पाहिलं. नेर्ल्याच्या अलीकडे मात्र उसाच्या ट्रॅक्टरमधून पडलेल्या एका कांडक्यावर चाक गेलं आणि नव्वदची नव्वद हवा एका सुस्काऱ्यात निघून गेली. रस्त्याकडेला पंक्चरवाला होता. त्याने चाक हातात घेऊन उलटसुलट केलं.

"सायेब, चाक हाय का बांगडी?"

मी म्हटलं, "चाकच आहे. पंक्चर काढा."

त्याने पंक्चर सुरेख काढलं. पण हिचा व्हॉल्व्ह पेन्सिलीच्या टोकाएवढा बारीक, त्याच्या पंपाचं तोंड त्याच्यावर बसेना. "ह्ये काय आपल्याकडचं न्हाई," असा निकाल देऊन त्याने पंप ठेवला. मग मी खिशातला वीतभर पंप काढला आणि हवा मारायला बसलो. दोनशे दट्टे होईपर्यंत भोवती सात-आठ माणसं जमली. त्यांतल्या एकाने सायकलची किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. तरी तो म्हणाला, "एवढ्यात म्हस आली असती." खरंच आली असती, आणि तिला हवाही भरावी लागली नसती.

तसा सायकल हा या मुलखाला नवा पाहुणा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, तिथून नांगरांवर आले आणि 1910 साली याच भागात किर्लोस्करवाडी उभी केली. माणूस सायकलीपासून सुरुवात करून कारखान्यापर्यंत जातो तो असा. मी बँकेपासून सुरुवात करून पंक्चरपर्यंत आलो होतो.

पेठ नाक्याला हायवे सोडला. पुढे इस्लामपूर, म्हणजे आताचं ईश्वरपूर, मग आष्टा. हा रस्ता बरीच वर्षं खड्ड्यांसाठी नावाजलेला होता. आता काँक्रीट झालंय, पण काँक्रीटच्या दर सांध्याला बारीक चाक 'टक्' करतं, आणि ते 'टक्' कंबरेत वाजतं. आष्ट्यानंतर मी मोजायचं सोडून दिलं. आयर्विन पुलावर चढलो तेव्हा साडेबारा वाजले होते. खाली कृष्णा. ती माझ्या आधी पोहोचली होती की नंतर, कोण जाणे.

आई दारातच उभी होती. माझ्या चड्डीकडे पाहून म्हणाली, "आत ये आधी."

सायकल उभी करायला मी भिंत शोधू लागलो. जिन्याखालची जागा मोकळी होती. बाबांची हर्क्युलिस तिथेच असायची. 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, गावभागात घरं बुडाली, आणि त्यानंतर ती गंजलेली सायकल भंगारात गेली. तिच्या जागी माझी टेकवली. आईने तिच्याभोवती एक फेरी मारली.

"कॅरिअर कुठाय?"

"नसतं हिला."

"मग दळण कशावर आणायचं?"

जेवणं झाली. मी पाट उशाला घेऊन आडवा झालो आणि न राहवून म्हटलं, "आई, सव्वासात तास लागले मला. एवढी हलकी सायकल, वीस गिअर. बाबा त्या धुडावरून कसे येत असतील गं?"

आई सुपारी कातरत होती. कातरता कातरता म्हणाली, "अरे, ते कुठले येतायत! आष्ट्यापर्यंत एस्टीच्या टपावर सायकल टाकून आणायचे. तिथून पुढे चालवत यायचे."

मी उठून बसलो. कंबरेने हरकत घेतली, पण बसलो.

"तुला काय माहीत?"

"लग्नानंतर त्यांचा जुना शर्ट धुवायला काढला, तर खिशात तिकीट. सायकलचं, सामानाचं. सातारा ते आष्टा."

"मग तू त्यांना कधी बोलली नाहीस?"

"कशाला बोलायचं?" आईने सुपारी तोंडात टाकली. "येत होते ना."

नंतर ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही नाही. मग म्हणाली, "तू पण येत जा. एस्टीने आलास तरी चालेल."

दुपारी चहा झाल्यावर तिने कपाटातून एक पुडकं काढलं. आत बाबांच्या सायकलची घंटी होती. भंगारवाल्याला सायकल देताना ही तेवढी काढून घेतली होती. माझ्या सायकलचं हँडल जाड, घंटीचा पट्टा बसेना. शेवटी तिने सुतळी आणली आणि घरातल्या नाडीला मारते तशी तीनपदरी गाठ मारून बांधून दिली. अमुक लाख ग्रॅमांचा हिशेब करून बनवलेल्या त्या सायकलवर ती पितळी घंटी पगडीसारखी दिसत होती. पण वाजली मात्र खणखणीत.

सोमवारी बँक होती आणि कंबर नव्हती. संध्याकाळी सांगली स्टँडवर गेलो. हल्लीच्या एस्टीला टप उरला नाही. पुढचं चाक काढून सायकल मागच्या डिकीत घातली, सामानाचं तिकीट काढलं आणि कराडपर्यंत खिडकीला डोकं टेकून झोपलो.

शेंद्र्याजवळ जाग आली. उठून कंडक्टरकडे गेलो.

"मास्तर, इथं जरा उतरवता का?"

"तिकीट साताऱ्याचं हाय की तुमचं."

"असू द्या. सायकल आहे माझ्याकडे."

त्याने एकदा माझ्या तोंडाकडे, एकदा चड्डीकडे पाहिलं आणि बेल मारली. उतरून मी चाक बसवलं, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं, थोडं शर्टाच्या पाठीवर ओतलं आणि निघालो. कॉलनीच्या तोंडाशी येऊन घंटी वाजवली. ही गॅलरीत आली, शेजारचे दोघे आले.

"जाऊन-येऊन सायकलने?" शेजारचे जोशी म्हणाले. "कमाल आहे बुवा तुमची!"

मी काही बोललो नाही, नुसता हसलो. मिशी नाही मला, पण साधलं.

पुढल्या आठवड्यात शर्ट धुवायला टाकताना हिने नेहमीप्रमाणे खिसे तपासले. काय सापडलं ते तिने सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "पुढच्या पंधरवड्यात जाणार आहात ना सांगलीला? आईंना मेतकूट द्यायचंय. डिकीत मावेल."